परंड्याचा वेढा आणि पडद्यावरील दुर्गयुद्ध : जुन्या व नव्या व्हिडिओ खेळांच्या तुलनेचा एक निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

जुने व्हिडिओ खेळ आजच्या खेळांपुढे टिकाव धरतात काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतिहास विभागाच्या कक्षेबाहेरचा वाटतो. करमणुकीच्या साधनांची प्रतवारी लावणे हे इतिहासाभ्यासकाचे काम नव्हे, असा आक्षेप त्यावर सहज घेता येईल. परंतु या खेळांतील एका मोठ्या वर्गाचा विषयच इतिहास हा आहे. राज्य वसविणे, कोट बांधणे, फौज उभारणे, शत्रूच्या किल्ल्यास वेढा घालणे हीच त्यांतील खेळाडूची कामे होत. १९९० नंतरच्या दशकांत घरगुती संगणक आणि पुढे सायबर कॅफे मराठी मुलुखातील शहरांत पसरले, तेव्हा हे खेळही त्यांबरोबर आले. आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याने वेढा म्हणजे काय याची पहिली कल्पना पुष्कळदा बखरीतून अथवा ग्रँट डफच्या ग्रंथातून घेतलेली नसते, तर पडद्यावरील लढाईतून घेतलेली असते. ती कल्पना कोणत्या प्रतीची आहे, हे पाहणे इतिहासाच्या अध्यापकास टाळता येण्यासारखे नाही.

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः दोन अंगांनी होते. एक पक्ष चित्र व ध्वनी यांच्या आधारे निर्णय देतो. त्याच्या दृष्टीने नवा खेळ नेहमीच सरस ठरतो. दुसरा पक्ष बालपणाच्या आठवणींच्या आधारे बोलतो आणि त्याच्या दृष्टीने जुना खेळ नेहमीच सरस ठरतो. दोन्ही पक्षांचा निकाल परीक्षेपूर्वीच ठरलेला असल्यामुळे त्यांतून ज्ञान वाढत नाही. इतिहासविषयक खेळांपुरता तरी एक तिसरा निकष शक्य आहे. एखाद्या ऐतिहासिक घटनेचा निर्णय ज्या कारणांनी प्रत्यक्षात लागला, त्यांपैकी किती कारणे खेळाच्या नियमांतून उत्पन्न होऊ शकतात, हा तो निकष होय. खेळात दाखविलेला तट खऱ्या तटासारखा दिसतो की नाही, हा प्रश्न गौण आहे; तट का पडतो आणि का पडत नाही, हे खेळाला ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न मुख्य आहे.

या निकषाची कसोटी घेण्यास धाराशिव जिल्ह्यातील परंडा हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. येथील किल्ल्याचा इतिहास वेढ्यांनी भरलेला आहे. आणि सतराव्या शतकात तो ज्या प्रकारे टिकला व ज्या प्रकारे हातांतून हातांत गेला, ते प्रकार पडद्यावरील दुर्गयुद्धाच्या रूढ कल्पनेशी जुळत नाहीत.

२. परंड्याचा पुरावा

परंडा हा सीना नदीच्या खोऱ्यातील भुईकोट किल्ला आहे. त्यास डोंगराचा आधार नाही. त्याचे संरक्षण खंदक, दुहेरी तटबंदी, बुरूज आणि तोफा यांवर अवलंबून होते. त्याच्या बांधणीचा संबंध परंपरेने बहमनी वजीर महमूद गवान याच्याशी जोडला जातो. सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यानंतर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसविले ते परंड्यास, आणि काही वर्षे परंडा हीच निजामशाहीची राजधानी होती. पुढे निजामशाहीची पडझड होत असता हा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला.

या किल्ल्याच्या इतिहासातील चार घटना येथे लक्षात घ्यावयाच्या आहेत.

पहिली घटना सन १६३१ ची. शाहजहान त्या काळी बुऱ्हाणपुरास मुक्काम करून दक्षिणेची मोहीम चालवीत होता. त्याचा सरदार आझमखान याने धारूरचा किल्ला घेतल्यावर परंड्यास वेढा घातला. सन १६३० ते १६३२ या काळातील भयंकर दुष्काळाने गुजरात व दख्खन होरपळत होते. भोवतालच्या मुलुखात गवत व वैरण मिळेना. जनावरे उपाशी मरू लागली. तेव्हा आझमखानास वेढा उठवून धारूरकडे परतावे लागले.

दुसरी घटना सन १६३२ ची. अहमदनगरास सन १५४९ मध्ये ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ परंड्यास होती. ती त्या वर्षी विजापुरास नेण्यात आली व तेथील बुरुजावर चढविण्यात आली. या तोफेचे वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. एवढे ओझे परंड्याहून विजापुरापर्यंत ओढून नेणे हे बैल, दोरखंड, रस्ता व ऋतू यांचा हिशेब करूनच पार पाडावयाचे काम होते.

तिसरी घटना सन १६३४ ची, आणि हीच सर्वांत बोलकी आहे. आदल्या वर्षी, सन १६३३ च्या जूनमध्ये, मोगल सेनापती महाबतखान याने दौलताबाद जिंकले होते. दौलताबाद हा दख्खनमधील अत्यंत बळकट गिरिदुर्ग. परंतु आतील लोकांची उपासमार झाल्यामुळे तो पडला. त्याच महाबतखानाने शाहजादा शुजा यास पुढे करून परंड्यास वेढा दिला. मोर्चे लागले, सुरुंग खणले गेले. परंतु विजापूरचे सैन्य व मराठे स्वार मोगलांच्या छावणीभोवती घिरट्या घालू लागले. वैरण व लाकूड आणण्यास निघणाऱ्या कहीवर ते तुटून पडत. छावणीतील जनावरांना चारा मिळेनासा झाला. त्यातच महाबतखान व खानदौरान यांच्यात वितुष्ट वाढले. अखेर पावसाळा तोंडावर आल्यामुळे वेढा उठवून सैन्य बुऱ्हाणपुराकडे गेले आणि त्याच वर्षी महाबतखान मरण पावला. दौलताबादेत वेढलेले उपाशी राहिले. परंड्यास वेढणारे उपाशी राहिले. डोंगरी किल्ला पडला आणि सपाटीवरचा टिकला, याचे कारण तटाच्या जाडीत सापडत नाही.

चौथी घटना सन १६६० ची. सन १६५७ च्या तहात परंडा मोगलांस देण्याचे विजापूरने मान्य केले होते, तरी किल्ला प्रत्यक्ष ताब्यात आला नव्हता. सन १६६० मध्ये तेथील आदिलशाही किल्लेदार गालिब हा मोगलांस मिळाला आणि परंडा त्यांच्या हाती आला. ज्या किल्ल्यापुढून बादशाही फौजा दोनदा हात हलवीत परतल्या, तो अखेरीस किल्लेदाराच्या निर्णयाने मिळाला.

या चार घटनांवरून परंड्याच्या भवितव्याची निर्णायक कारणे पाच ठरतात : वैरण व रसद, ऋतू, अवजड सामग्रीची वाहतूक, सरदारांतील बेबनाव, आणि किल्लेदाराची निष्ठा. खेळांची परीक्षा या पाच कारणांनी घ्यावयाची आहे.

३. जुन्या खेळांची परीक्षा

येथे ‘जुने’ म्हणजे साधारणतः सन २००४ पर्यंतचे आणि ‘नवे’ म्हणजे त्यानंतरचे, असा विभाग सोयीसाठी केला आहे. जुन्यांपैकी तीन-चार प्रातिनिधिक खेळ पुरेसे आहेत.

मराठी वाचकांस यांपैकी सर्वांत परिचित असा खेळ म्हणजे सन १९९९ मधील ‘एज ऑफ एम्पायर्स’ चा दुसरा भाग होय. यात खेळाडू धान्य, लाकूड, सोने व दगड जमवितो, दगडातून गढी बांधतो आणि शिपाई तयार करतो. शिपाई तयार करताना धान्य एकदा खर्च होते. त्यानंतर तो शिपाई पुन्हा कधीही जेवत नाही. त्याचा घोडा वैरण खात नाही. पावसाळा येत नाही. सरदार नावाची स्वतंत्र इच्छा असलेली व्यक्तीच नसल्यामुळे बेबनावास जागा नाही. पलीकडच्या पक्षाचे माणूस फोडण्याचे काम फक्त धर्मोपदेशक करतो, आणि तेही काही क्षणांच्या मंत्रोच्चाराने. या खेळात परंड्याचा वेढा मांडला तर गोफणयंत्रांच्या जोरावर मोगलांचा विजय निश्चित होईल. केवळ एका बाबतीत हा खेळ जागरूक आहे : त्यातील मोठे गोफणयंत्र हलवावयाचे तर आधी उकलावे लागते आणि मारा करावयाचा तर पुन्हा उभारावे लागते. अवजड साहित्य व त्याची वाहतूक यांचा संबंध या छोट्याशा नियमाने खेळाडूच्या मनावर ठसतो. मात्र त्याच खेळातील तोफा विनासायास चालतात, आणि मलिक-ए-मैदानच्या प्रवासाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

याहून जुना खेळ सन १९९१ मधील ‘सिव्हिलायझेशन’ होय. त्याचे चित्र आज अत्यंत ओबडधोबड वाटते. शहर म्हणजे चौकोनात लिहिलेला एक आकडा. परंतु त्याच्या नियमांकडे पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. एक अशी की, प्रत्येक फौजेचा बोजा तिच्या मूळ शहराच्या उत्पादनावर पडू शकतो. फौज फुकट उभी राहत नाही. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, अशी की, या खेळात वकील पाठवून द्रव्याच्या बळावर शत्रूच्या शहरात उठाव घडवून ते आपल्याकडे वळविता येते. त्यासाठी लागणारी रक्कम त्या शहराच्या राजधानीपासूनच्या अंतरावर अवलंबून असते. राजधानी मुळीच विकत घेता येत नाही; शहर जितके दूर तितके ते स्वस्त. सन १६६० चा परंडा ही विजापूरच्या राज्याची दूरची सरहद्द होती. केंद्राची पकड अंतराबरोबर सैल होते आणि सरहद्दीवरील अधिकारी प्रथम हातचे जातात, हे दख्खनच्या राजकारणातील मूलभूत सत्य या खेळाने एका साध्या सूत्रात बांधले आहे. पडद्यावर चार ठिपके दाखविणाऱ्या खेळाने परंड्याच्या चौथ्या घटनेचे मर्म ओळखले, असे म्हणण्यास हरकत नाही.

सन २००० मधील स्वीडिश खेळ ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा मूळच्या एका पटावरील खेळावरून तयार झाला. त्यात प्रत्येक प्रांत किती सैन्य पोसू शकतो याची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली की लढाईशिवाय माणसे मरू लागतात. वेढा घालून बसलेल्या फौजेला काळ हाच शत्रू होतो. सन १६३१ व १६३४ मध्ये परंड्याखाली जे घडले, त्याची यंत्रणा येथे स्थूलरूपाने का होईना पण उपस्थित आहे. सन २००४ मधील ‘रोम : टोटल वॉर’ या खेळात नगरांभोवतीचे वेढे चित्ररूपाने प्रभावी केलेले असूनही वकिलामार्फत शत्रूचे नगर पैसे देऊन मिळविण्याची सोय राखलेली होती.

यावरून जुन्या खेळांविषयी एक सामान्य विधान करता येते. त्यांच्या निर्मात्यांजवळ चित्राची साधने अपुरी होती. त्यामुळे जे दाखविता येत नव्हते ते नियमांत घालणे त्यांस भाग पडले. पटावरील खेळांची परंपराही त्यांच्या पाठीशी होती. परंतु हे विधान सर्व जुन्या खेळांस लागू पडत नाही, हे ‘एज ऑफ एम्पायर्स’ च्या उदाहरणाने स्पष्ट आहे. जुनेपणा हा स्वतः गुण नव्हे.

४. नव्या खेळांची परीक्षा

नव्या खेळांच्या जमेची बाजू मोठी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. सन १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ मधील १३ संस्कृतींत एकही भारतीय संस्कृती नव्हती. सन २०१३ च्या पुरवणीत ‘भारतीय’ या एकाच नावाखाली साऱ्या उपखंडाची सोय लावण्यात आली. सन २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीने तो ठोकळेबाजपणा काढून हिंदुस्थानी, बंगाली, गुर्जर व द्राविड असे विभाग केले आणि तट फोडण्यासाठी चिलखती हत्ती आणले. सन २०२१ च्या चौथ्या भागात दिल्लीच्या सुलतानशाहीस स्वतंत्र स्थान मिळाले, आणि तटावर शिपाई उभे करता येऊ लागले. दुसऱ्या भागात तट ही केवळ निर्जीव आडकाठी होती. तेथून लढणाऱ्या माणसांना जागा नव्हती. सन २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ मध्ये मराठा राज्यसंघ खेळाडूस आपला पक्ष म्हणून निवडता येतो. या सुधारणा केवळ शोभेच्या नाहीत. ज्या प्रदेशाचे नावच नकाशावर नाही, त्याच्या इतिहासाचा विचार तो खेळ खेळणारा करीत नाही.

नियमांच्या दृष्टीनेही नव्या खेळांनी दोन कारणांत जुन्यांवर मात केली आहे. सन २०१३ च्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ च्या चौथ्या भागात पुढील सुधारणांमधून मोसमी पावसाचा परिणाम दाखल झाला. पावसाळ्यात मोहीम चालविणाऱ्या फौजेची अधिक हानी होते. शुजाच्या सैन्याने ज्या भीतीने परंडा सोडला, ती भीती जुन्या खेळांत नव्हती. सरदारांच्या बेबनावाची गोष्ट तशीच. सन २०१२ मधील ‘क्रुसेडर किंग्ज’ च्या दुसऱ्या भागात राजाचा प्रत्येक मांडलिक हा स्वतःचे हेतू, रागलोभ आणि गट असलेला माणूस आहे. सन २०१४ च्या पुरवणीने त्याचा नकाशा भारतापर्यंत वाढविला आणि सन २०२० च्या तिसऱ्या भागात भारत आरंभापासूनच होता. त्यातील कालमर्यादा पंधराव्या शतकाच्या मध्यावर संपत असल्यामुळे महाबतखान व खानदौरान तेथे भेटणे शक्य नाही. परंतु त्यांच्यातील वितुष्टाने मोहीम कशी पोखरली गेली असेल, हे या खेळाच्या नियमांवरून समजू शकते.

मात्र प्रगती सरळ रेषेत झालेली नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ मध्ये मराठे आले, पण ‘रोम’ मधील वकील गेला; पैसे देऊन किल्ला फोडण्याची ती जुनी सोय उरली नाही. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या राजकारणात वकील काय करीत असे, हे पेशवे दफ्तराच्या अभ्यासकास सांगावयास नको. ज्या खेळात मराठे प्रथमच सन्मानाने आले, त्यातूनच मराठी राजकारणाचे एक मुख्य साधन नाहीसे झाले, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. ‘सिव्हिलायझेशन’ च्या सन २०१० मधील पाचव्या भागातूनही शत्रूचे शहर फितविण्याची जुनी तरतूद गेली. सहाव्या भागाच्या सन २०१८ च्या पुरवणीत ‘निष्ठा’ या नावाने तत्सम कल्पना परत आणावी लागली. पण त्यातील निष्ठा मुख्यतः आसपासच्या लोकसंख्येच्या दाबाने बदलते, मनुष्याच्या निर्णयाने नव्हे. गालिबचा निर्णय १९९१ च्या सूत्रात अधिक नीट बसतो.

तेव्हा पाच कारणांचा हिशेब असा मांडता येतो. वैरण व रसद यांत जुना व नवा खेळ जवळजवळ समान आहेत. येथे फरक काळाचा नसून खेळाच्या जातीचा आहे. ऋतू व बेबनाव यांत नवा सरस आहे. वाहतुकीत दोघेही अपुरे आहेत. किल्लेदाराच्या निष्ठेत जुना सरस आहे. ‘जुने ते सोने’ किंवा ‘नवे ते चांगले’ यांपैकी कोणतेही सूत्र या हिशेबातून निघत नाही.

आणि सर्वांच्याच बाबतीत एक उणीव राहते. सन १६३१ मध्ये परंड्याभोवतीचे गवत संपले, ते आधी तेथील रयतेच्या गुरांचे संपले होते. खेळांत रयत असते ती खेळाडूची आज्ञाधारक मजूर म्हणून, किंवा प्रांताच्या उद्ध्वस्ततेचा एक अंक म्हणून. वेढा घालणारा व वेढलेला या दोघांमध्ये चिरडला जाणारा तिसरा पक्ष जुन्या खेळांत नव्हता आणि नव्यांतही त्यास आवाज मिळालेला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. खेळ हा ग्रंथ नव्हे. मनोरंजनासाठी वास्तवाची काटछाट अपरिहार्य आहे. मग त्यास इतिहासाच्या तराजूत तोलणे अन्याय्य नाही काय? काटछाट अपरिहार्य आहे, हे खरे. प्रत्येक इतिहासग्रंथही काटछाट करूनच लिहिला जातो. प्रश्न काटछाट केली का हा नसून काय राखले व काय टाकले हा आहे. जो खेळ रसद टाकतो आणि दगडाचा ढीग राखतो, तो वेढ्याविषयी एक विशिष्ट मत मांडीत असतो, मग तसे करण्याचा त्याचा हेतू असो वा नसो.

५. टिकण्याचे दोन अर्थ

आतापर्यंत ‘टिकणे’ हा शब्द गुणवत्तेच्या अर्थाने वापरला. त्याचा दुसरा अर्थ शब्दशः टिकणे, म्हणजे उपलब्ध राहणे. या अर्थाने पाहिले असता सर्व जुन्या खेळांचे नशीब सारखे नाही. सन १९८० मध्ये जपानात निघालेला ‘पॅक-मॅन’ आज हातातील दूरध्वनीवर खेळला जातो, आणि त्या आवृत्तीच्या निर्मितीत पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेचा हात आहे. नवी मुंबईतील गेमटियन या संस्थेने सन २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ तर पचिशीच्या वंशातील आहे. त्याचे नियम यंत्रयुगाहूनही जुने. असे खेळ सहज टिकतात, कारण त्यांचे नियम थोडे आहेत आणि भूतकाळाविषयी ते काहीच विधान करीत नाहीत. इतिहासविषयक खेळांवर मात्र दुहेरी भार असतो. त्यांना यंत्र बदलले तरी चालू राहावे लागते आणि संशोधन बदलले तरी पटावे लागते.

पहिल्या भाराखालीच बहुसंख्य खेळ कोसळतात. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन व सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क या संस्थांनी सन २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, सन २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात विक्रीस नव्हते. म्हणजे जुन्या-नव्याची तुलना आज ज्या खेळांवरून केली जाते, ते मुळात वाचलेले थोडे खेळ आहेत. कोणत्याही काळाविषयी केवळ शिल्लक राहिलेल्या कागदांवरून मत बनविताना जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथेही आवश्यक आहे. भारतात सन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस देण्याचे बंधन घातले आणि सन १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. व्हिडिओ खेळ त्या बंधनाच्या बाहेर आहेत.

दुसरी अडचण पाठभेदाची आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ चा दुसरा भाग सन १९९९ चा म्हणून आजही खेळला जातो असे म्हणतात. पण तो सन २०१३ मध्ये एकदा व सन २०१९ मध्ये पुन्हा नव्याने सिद्ध करण्यात आला. चित्रे बदलली, संस्कृती वाढल्या, शिपायांची कमाल संख्या वाढली, बलाबलाचे आकडे वारंवार दुरुस्त झाले. ‘जुना खेळ अजून टिकून आहे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यातील जुना अंश कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हे सांगणे कठीण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सन १९६६ मध्ये पूर्ण केली, ती अनेक हस्तलिखितांची तुलना करून. तेथे निदान हस्तलिखिते हाती होती. येथे मागची आवृत्ती पुढच्या आवृत्तीखाली दबून जाते आणि दुरुस्तीपूर्वीचा पाठ खेळाडूच्या यंत्रावर शिल्लकही राहत नाही.

पाठ हाती नसला म्हणजे त्याची जागा आख्यायिका घेते. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’ मध्ये भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे होते. गणितातील एका चुकीमुळे ते गांधी एकाएकी अत्यंत आक्रमक होऊन अण्वस्त्रे वापरू लागत, अशी कथा जगभर पसरली आणि जुन्या खेळांच्या गमतीचे उदाहरण म्हणून सांगितली गेली. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी सन २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात अशी चूक मूळ खेळात नव्हती, असे स्पष्ट केले. हजारो माणसांना स्वतः पाहिल्यासारखी आठवणारी गोष्ट घडलेलीच नव्हती. ज्यांच्या आठवणींवर जुन्या खेळांची थोरवी उभी केली जाते, त्यांची साक्ष किती तपासून घेतली पाहिजे, हे यावरून कळते.

६. निष्कर्ष

परंड्याच्या पुराव्यावर घासून पाहता असे दिसते की जुन्या खेळांपैकी काही खेळ नव्यांपुढे निश्चितपणे टिकतात. पण ते जुने असल्यामुळे नव्हे, तर त्यांच्या नियमांत एखादे ऐतिहासिक कारण नेमके पकडले गेल्यामुळे. उलटपक्षी, सर्वांत लोकप्रिय जुना खेळ या कसोटीला उतरत नाही आणि त्याच्या नव्या आवृत्तींनी नावे व चित्रे सुधारली तरी उपाशी न राहणारा शिपाई तसाच ठेवला आहे. नवे खेळ प्रदेशांना व माणसांना अधिक न्याय देतात. परंतु फितुरी, वकिली व सरहद्दीवरील सैल पकड यांसारखी न दिसणारी कारणे दाखविण्यात ते मधूनमधून मागे गेले आहेत. न दिसणारी कारणे चित्रात उतरत नाहीत, हे यामागील एक कारण असावे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. विद्यार्थ्याची पडद्यावरून आलेली वेढ्याची कल्पना तुच्छ मानून बाजूस सारण्यापेक्षा तीच परीक्षेस लावणे अधिक फलदायी होईल. पादशाहनाम्यातील सन १६३४ च्या मोहिमेची हकीकत वाचावयास देऊन, अमुक खेळात हा वेढा का उठला नसता, असे विचारले असता विद्यार्थ्यास रसद, ऋतू व निष्ठा यांचे महत्त्व स्वतःच शोधून काढावे लागेल. दुसरी गोष्ट संशोधनाच्या शिस्तीची आहे. प्रबंधात एखाद्या खेळाचा आधार घ्यावयाचा असेल तर त्याचे नाव पुरेसे नाही. आवृत्ती, तिचे वर्ष आणि ती कोणत्या यंत्रावर तपासली हे नमूद केले पाहिजे. परंड्याचा तट आज जाऊन पाहता येतो आणि मलिक-ए-मैदान विजापूरच्या बुरुजावर पाहता येते. सन १९९१ चा खेळ पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास तो कोठे व कोणत्या रूपात पाहावा हे सांगणारे ग्रंथालय मात्र विद्यापीठांनी अद्याप उभारावयाचे आहे. ते उभे राहीपर्यंत जुन्या व नव्या खेळांच्या तुलनेतील प्रत्येक निर्णय तात्पुरता समजावा.